होडी पुसायची की पाण्यात सोडायची?

मैत्रिणींनो, अकोल्यात बसून मी शिडाच्या होडीवर लिहितेय, याचं तुम्हांला हसू येईल. आमच्या गावात समुद्र कुठला बाप्पा! पण एका होडीनं मला चांगलाच धडा दिला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या मामांनी निवृत्तीनंतर मुंबईला दोन मित्रांबरोबर एक जुनी शिडाची होडी घेतली. मे महिन्यात आम्ही मुलांना घेऊन गेलो. पहिल्या रविवारी लाकडाचं वॉर्निश वाळत होतं. दुसऱ्या रविवारी पितळी कड्या घासायच्या निघाल्या. मामी म्हणाली, "होडीत बसायचं, की तिची नुसती दृष्ट काढायची?" जूनमध्ये पाऊस लागला, होडी काठावर ओढली. पुढच्या हंगामात मामांचे गुडघे गेले. होडी लखलखीत राहिली. मामी मात्र तीत कधी बसलीच नाही.

म्हणून निगा नकोच का? तसं नाही हं! बुडाला शिंपले-शेवाळ धरलं की होडी मंदावते; ते खरवडून रंग द्यावाच लागतो. झिजलेला दोर, उसवलेलं शीड म्हणजे भर वाऱ्यात जिवाशी खेळ. आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा आधी ठरलेलं नसतानाही त्या मॉरिशसला थांबल्या आणि दुरुस्ती करूनच पुढे निघाल्या. नुसत्या पितळेच्या चकाकीसाठी कुणी असं थांबलं असतं का?

घरी आल्यावर मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले. एकात 'न केलं तर होडी बुडेल' अशी कामं : गॅसची नळी तपासणं, पाण्याची टाकी धुणं, धान्याला ऊन देणं. दुसऱ्यात 'न केलं तर लोक बोलतील' अशी : शोकेसमधल्या कपबश्या, पडदे, सोफ्याचे अभ्रे. पहिला रकाना मी चुकवत नाही. दुसऱ्यासाठी रविवार मात्र द्यायचा नाही, असं ठरवलं.

परवाच पडदे तसेच ठेवून आम्ही काटेपूर्णा धरणावर गेलो. मुलगी म्हणाली, "आई, आज तू पण आलीस?"

त्या 'पण'नं मला फार लागलं. तुमच्या घरी असा 'पण' कुणी म्हणतं का, जरा कान देऊन ऐका.