वणव्याची धग आभाळातून कशी मोजतात?



शिमग्याच्या सुमारास कोकणात गवत वाळतं आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. काजूची बाग हाताशी यायला पाच-सहा वर्षं लागतात; जळायला एक दुपार पुरते. त्यातून जमिनीचा धनी पुष्कळदा मुंबईत. वरळीच्या बीडीडी चाळीत कोकणातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्यांतली काही आता तिथल्याच नव्या उंच इमारतींत गेली. सातबारा गावचा, पण गवत कापायला कोणी नाही. अशाच पडीक तुकड्यातून आग शेजारच्या बागेत शिरते.

ही आग आता उपग्रहावरून दिसते. चाकरमान्याला ती मुंबईतूनही पाहता येते. पण त्या नकाशाचा अर्थ नीट समजला पाहिजे.

आग कशी ओळखतात?

डोळे मिटून चुलीजवळ बसलात तरी धग लागते. उपग्रहावरचं यंत्र तशीच जमिनीची धग टिपतं. एखादा चौकोन आजूबाजूपेक्षा फार तापलेला आढळला की नकाशावर ठिपका पडतो. किती धग बाहेर पडते ती मेगावॅटमध्ये मोजतात. आकडा मोठा, तर आगीचा जोर मोठा.

२०११ साली पहिल्यांदा आकाशात गेलेल्या ‘व्हीअर्स’ यंत्राचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. त्याआधीच्या ‘मोडिस’ यंत्राचा एक किलोमीटरचा, सुमारे २५० एकरांचा. ठिपका चौकोनाच्या मध्यावर दाखवतात. म्हणून ठिपका तुमच्या बागेवर दिसला तरी आग पलीकडच्या सड्यावर असू शकते.

‘व्हीअर्स’ असलेले उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातात. दुपारी तीनला लागून सहाला विझलेली गवताची आग त्यांच्या नजरेतून निसटू शकते. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं मुळीच समजू नका. शिवाय भाजावळ कोणती आणि वणवा कोणता, हे उपग्रहाला कळत नाही.

किती जळलं?

आगीचा जोर वेगळा आणि नुकसान वेगळं. नुकसानीसाठी आगीच्या आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहतात. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. जळालेली जमीन तो कमी परतवते. या फरकावरून कमी, मध्यम आणि जास्त जळालेले भाग रंगवतात. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या चित्रांवरून हे सुमारे चार गुंठ्यांच्या चौकोनापर्यंत दाखवता येतं.

मात्र नकाशा वरून पानं पाहतो, साल पाहत नाही. झाड काळं पडलं म्हणून लगेच तोडू नका. नखानं साल खरवडा. आत हिरवी ओल असेल तर पावसाळ्यात फुटवा येण्याची आशा आहे.

काय करावे?

१. गवत वाळू लागताच बागेभोवती किमान दहा-बारा फुटांची जाळरेषा साफ करावी. मुंबईकर भावकीनं स्वतः यावं, नाहीतर मजुरी पाठवावी.

२. भारतीय वन सर्वेक्षण, देहरादून ही संस्था मोबाईलवर आगीची सूचना पाठवते. तिच्या संकेतस्थळावर नंबर नोंदवावा. नासाच्या ‘फर्म्स’ संकेतस्थळावरही हे ठिपके फुकट पाहता येतात. उपग्रह गेल्यावर साधारण तीन तासांत ते येतात.

३. मुंबईत ठिपका दिसला की गावी फोन करून खात्री करावी. गावात धूर दिसला तर मात्र नकाशाची वाट पाहू नये. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं.

४. भाजावळ वारं पडलेलं असताना, माणसं आणि पाणी जवळ ठेवूनच करावी. निखारा विझल्याशिवाय घरी जाऊ नये.

५. जळालेल्या बागेचे तारखेसह फोटो काढून तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करावी.

६. दोन-तीन वर्षांचे ठिपके एकत्र पाहून आग दरवर्षी कुठून चढते ते गावानं हेरावं. पुढची जाळरेषा तिथं आधी काढावी.

आग लागल्याचं उपग्रह सांगेल. ती अडवायची ती गावानं आणि मुंबईकरांनी मिळूनच.