ग्रामसभेत काय मागाल?

पेण तालुक्यातलं जोहे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. रंगकाम, डोळ्यांची आखणी, मूर्तीवर खडे चिकटवणं ही कामं एका जागी बसून होतात. चालता न येणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या माणसाला ती सहज जमतील. अडतं ते कारखान्याच्या पायरीशी आणि मालकाच्या मनाशी.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव. सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. खासगी मालकावर मात्र सक्ती नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग घेणाऱ्याला प्रोत्साहन द्या, एवढंच कायदा सरकारला सांगतो. ही त्याची कमकुवत बाजू.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो ‘उरला तर’ द्यायचा नसतो. सार्वजनिक इमारती सुगम करण्याची कायद्यातली पाच वर्षांची मुदतही २०२२ मध्येच उलटली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला.

या बहुतेक लाभांसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्ड लागतं. नोंदणी ऑनलाइन होते, तपासणी सरकारी रुग्णालयात. कार्ड नसेल तर आधी ते काढा, आणि पुढच्या ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब लेखी मागा.