कादंबरी आणि बहुसांस्कृतिक राष्ट्राची ओळख

एका देशातील बहुसंख्य माणसे आयुष्यात एकमेकांना कधीच भेटत नाहीत. तरीही ती स्वतःला एका राष्ट्राची समजतात. हे कसे घडते, याची मीमांसा करताना बेनेडिक्ट अँडरसन यांनी ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या ग्रंथात वृत्तपत्रांच्या बरोबरीने कादंबरीला महत्त्व दिले आहे. परस्परांना अनोळखी असलेली माणसे एकाच काळात, एकाच समाजात जगत आहेत, याची जाणीव कादंबरी वाचकाला करून देते. मात्र या ‘आपण’मध्ये कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न उरतोच. भारतासारख्या बहुभाषिक, बहुधर्मीय देशात तोच कळीचा आहे.

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची ‘आनंदमठ’ (१८८२) या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मातृभूमीची प्रतिमा तिने समर्थपणे उभी केली. परंतु तिच्या कथेत मुस्लिम हे शत्रुपक्षाच्या रूपात येतात. त्यामुळे तिच्यातील ‘वंदे मातरम्’वर पुढे वाद झाला आणि १९३७ मध्ये काँग्रेसने त्याची पहिली दोनच कडवी गाण्याचा निर्णय घेतला. कादंबरी राष्ट्रभावना जागवते, तशी तिची व्याप्ती आक्रसूही शकते.

फाळणीनंतर कुर्रतुल ऐन हैदर यांच्या ‘आग का दरिया’ (१९५९) या उर्दू कादंबरीने वेगळी वाट धरली. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून फाळणीनंतरच्या काळापर्यंतच्या तिच्या प्रवासात गौतम, चंपा, कमाल ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. बाहेरून आलेला कमाल या भूमीत रुजतो; विसाव्या शतकातला कमाल मात्र अखेर पाकिस्तानात जातो. शतकानुशतकांची सरमिसळ एका राजकीय निर्णयाने वेगळी करता येते का, हा प्रश्न वाचकासमोर उभा राहतो.

राही मासूम रझा यांची ‘आधा गाँव’ (१९६६) हाच प्रश्न एका गावात आणते. गाझीपूर जिल्ह्यातील गंगौली हे लेखकाचे स्वतःचे गाव. येथील शिया सय्यद कुटुंबे भोजपुरीमिश्रित उर्दू बोलतात, मोहरमला उत्तर व दक्षिण पट्टीचे ताजिये चढाओढीने काढतात, आणि त्या ताजियांशी हिंदू शेजाऱ्यांचीही श्रद्धा जोडलेली असते. अलीगढचे विद्यार्थी पाकिस्तानचा प्रचार करायला येतात, तेव्हा गावकऱ्यांना आपले गाव, शेत आणि पूर्वजांच्या कबरी सोडून वेगळ्या देशाची गरज उमगत नाही. तरीही फाळणी होते. तरुण पाकिस्तानात जातात. मागे वृद्ध आणि एकट्या पडलेल्या स्त्रिया उरतात. जमीनदारी निर्मूलनाने उरलासुरला आधारही जातो. रझा सय्यदांचा जातीचा तोरा झाकत नाहीत, की त्यांच्या तोंडच्या शिव्या गाळत नाहीत. या भाषेमुळे जोधपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागल्यावर कादंबरीवर वादंगही झाले.

येथे राष्ट्रनिष्ठेची भाषणे नाहीत. माझे गाव माझे आहे, म्हणून हा देश माझा आहे, एवढाच तिचा युक्तिवाद आहे. स्थानिक ओळख येथे राष्ट्रीय ओळखीच्या आड येत नाही. उलट, तिचा पाया बनते. वाचकाची सहानुभूती जिंकण्यासाठी पात्रांना आदर्श बनवण्याची गरज लेखकाला वाटलेली नाही, हे विशेष.

मराठीत हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीत कोकणातील मुस्लिम घर अशाच जवळिकीने येते. तेथील मुस्लिम, ब्राह्मण, कुळवाडी व महार यांच्या संबंधांतील स्नेह आणि ताण दोन्ही दिसतात, आणि अखेर गाव दंगलीकडे लोटले जाते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाठ्यपुस्तकांत एकात्मतेचे उतारे निवडताना गोड, निर्वेध प्रसंग घेण्याकडे कल असतो. विद्यार्थ्याला त्यातून उपदेश मिळतो, शेजारी मिळत नाही. बेळगाव वा हैदराबादच्या वर्गात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू बोलणारी मुले शेजारी बसतात. त्यांच्यासमोर ‘आधा गाँव’मधील एखादे प्रकरण बोलीसह व भांडणांसह ठेवावे आणि आपल्या गल्लीत यासारखे काय आहे, ते त्यांना त्यांच्याच बोलीत लिहायला सांगावे. कोणाच्या घरातले कोणते शब्द, सण व रुसवे दुसऱ्याला अनोळखी आहेत, हे त्या लिखाणातूनच समजेल.