हडळ, चकवा आणि जगभरची मंडळी

मुंजा पिंपळावर, आसरा विहिरीत, हडळ चिंचेवर, वेताळ मसणवट्यात आणि चकवा शेतशिवारात. आमच्या चुडाव्यात लेकराला बाकी गाव कळायच्या आधी हे सगळे पत्ते पाठ होतात. (चुडावा कुठं? पूर्णेहून नांदेडकडे निघालं की लागणारं स्टेशन. झोपलात की गेलं!) हॉस्टेलला आल्यावर कळलं की कोकणातल्या दोस्ताकडेही अशीच यादी आहे, फक्त त्यात देवचार आणि खवीस जास्तीचे. मग वाचत गेलो, तर जपान, रशिया, मलेशिया, सगळीकडे हीच मंडळी. नाव वेगळं, वेश वेगळा, ड्यूटी मात्र तीच!

मित्रांनो, भुतं नसतात हे सांगायला मी लेख लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे (निदान दिवसा तरी). मला पडलेला प्रश्न असा, की एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी सारखीच भुतं का तयार केली? मला सापडलेलं उत्तर साधं आहे. भूत खोटं असतं, पण त्याच्यामागचा धोका बहुतेक वेळा खरा असतो, आणि धोके जगभर सारखेच असतात.

आधी थोडा इतिहास

आपल्याकडच्या भुतांची पद्धतशीर नोंद घेण्याचं मोठं काम झालं ते एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे. ए. एम. टी. जॅक्सन. होय, तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. या जॅक्सनसाहेबांना लोकसमजुतींचा नाद होता. त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागवली: तुमच्याकडे कोणती भुतं मानतात, ती कुठं राहतात, उतारा काय? त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी हे कागद लावून गुजरातचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये छापला. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमची मंडळी या पाहणीबाहेरच राहिली. आमची यादी अजून आज्ज्यांच्या तोंडी आहे.

चकवा: हा मात्र खरा आहे!

चकवा म्हणजे रात्री माणसाला वाट चुकवून शेतात गोल गोल फिरवणारं भूत. सरळ घराकडे निघालेला माणूस तासाभराने त्याच बांधावर परत येतो. आमच्याकडे जमीन काळी, सपाट, ना डोंगर ना टेकडी. अमावस्येला ढग भरून आले की स्वतःचा हात दिसत नाही. गावात चकवा 'लागलेली' दोन-चार माणसं तरी असतातच आणि ती खोटं बोलत नाहीत.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमान आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोगच केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात नेलं, अंगावर जीपीएस दिलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. जंगलात आभाळ भरलेलं असताना चालणारी माणसं चक्क गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली, आणि त्यांना पत्ता नाही! डोळे बांधून चालायला लावलं तेव्हा काहींचं वर्तुळ वीस मीटरपेक्षाही लहान निघालं. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हा समजही टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे.

कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर दिलेल्यांना हे लगेच कळेल. 'सरळ' म्हणजे काय हे मेंदू कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरून आणि पायांवरून ठरवतो. प्रत्येक पावलाला बारीक चूक होते. समोर दिवा, झाड, चंद्र असं काही दिसत असलं तर डोळे ती चूक दुरुस्त करतात. ते बंद झालं की फीडबॅक तुटला, चुका साचत गेल्या आणि सरळ रेषेचं वर्तुळ झालं.

रशियात हेच काम जंगलातला 'लेशी' करतो. त्यावर उतारा म्हणजे अंगातले कपडे उलटे घालायचे. माझ्या आजोबांचा उतारा वेगळा होता: "चकवा लागला की चालूच नको. खाली बस, बिडी पेटव, झुंजुमुंजू होऊ दे." बिडी सोडून द्या, पण बाकी सल्ला शास्त्राला धरून आहे.

आसरा आणि मुंजा

नदीच्या डोहाशी किंवा विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड दिसले की समजायचं, या साती आसरा. भर दुपारी एकटं पोर पाण्यावर गेलं की त्या ओढून नेतात म्हणे. जपानमध्ये हेच काम 'काप्पा' करतो. डोक्यावर पाण्याची वाटी असलेलं, पोराएवढं हिरवं ध्यान! तिथं तलावाकाठी धोक्याच्या पाटीवर आजही काप्पाचं चित्र दिसतं. कठडा नसलेली विहीर, पोहता न येणारं लेकरू आणि शेतात कामाला गेलेली माय. अशा ठिकाणी 'खोल पाणी, सावधान' ही पाटी न वाचता येणाऱ्यालाही समजेल अशी लिहायची, तर आसरेपेक्षा चांगलं डिझाइन कोणतं?

मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा. हा रात्री छातीवर बसतो, असं आमच्याकडे सांगतात. जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही, छातीवर ओझं असतं. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर हा अनुभव घेतलेले किमान तीन जण मला माहीत आहेत आणि हॉस्टेलच्या आवारात पिंपळ नाही! स्वप्न पडत असताना आपण खरोखर हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर स्नायू ढिले करून ठेवतं. कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायू मागे राहतात. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. जपानी लोक याला 'कानाशिबारी' म्हणतात, न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण बसते. अनुभव एकच, फक्त भाडेकरू जागेप्रमाणे बदलतो.

हडळ

आता यादीतलं सगळ्यात भीतीदायक नाव. उलटी पावलं, मोकळे केस. पण ती हडळ होते कशी, हे आज्जीला विचारा. गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. उत्तर भारतातल्या चुडैलीची गोष्ट बरीचशी हीच. मलेशियातली 'पोंतियानाक' हीच. जपानची 'उबुमे' तर वाटसरूला थांबवून आपलं बाळ जरा धरायला सांगते. हे वाचल्यावर मला भीती वाटायची बंद झाली आणि वाईट वाटायला लागलं. बाळंतपणात बाई दगावणं जगभर इतकं नेहमीचं होतं, की तिच्यासाठी भुतांमध्ये एक कायमची जागाच राखून ठेवलेली होती.

हडळ हटवली ती मांत्रिकाने नव्हे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाईस या डॉक्टरने बाळंतिणीला तपासण्याआधी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. नंतर रक्त, प्रतिजैविकं, दवाखान्यातलं बाळंतपण आलं. २०१८ ते २०२० या काळासाठी महाराष्ट्रातला मातामृत्यूचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे ३३ सुद्धा कमी व्हायला हवेत, हे वेगळं सांगायला नको.

भूत कधी जीव घेतं?

इथपर्यंत सगळं गमतीचं, निदान समजण्यासारखं. पण सूचना विसरली आणि भूत तेवढं उरलं की खेळ उलटा होतो.

मण्यार साप रात्री घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावतो. बऱ्याचदा ना दुखत, ना सुजत, खूणही नीट दिसत नाही. पहाटे माणसाचं पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, "बाहेरचं लागलं" आणि देवऋषीला बोलावतात. इथं जे तास जातात तेच जीव वाचवायचे तास असतात. प्रतिसर्पविष आणि वेळ पडली तर व्हेंटिलेटर, एवढाच याचा उतारा.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, एखाद्यावर करणी करतो असा ठपका ठेवणं, साप-विंचू चावल्यावर उपचारापासून रोखणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

आणि आमची हाकामारी? ही रात्री नाव घेऊन हाक मारते, ओ दिली की माणूस गेला. कर्नाटकात तिच्यासाठी दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', लिहीत असत. अनोळखी माणसाला रात्री दार उघडू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण हीच भीती मोबाइलवर चढली तेव्हा काय झालं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. हाकामारीने आजवर एकही माणूस मारलेला नाही. हे पाच माणसांनी मारले.

म्हणून भुताची गोष्ट ऐकली की हसण्याआधी तीन प्रश्न विचारा: ते कुठं दिसतं, कधी दिसतं, कोणाला धरतं? उत्तरात विहीर, अंधार किंवा बाळंतीण आली तर त्यामागचा धोका शोधा. आणि उत्तरात शेजारची म्हातारी किंवा गावात आलेला परका माणूस आला, तर मात्र गप्प बसू नका.