धनुष्य घ्यावे आपल्या बळाच्या मापाचे

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत महाराष्ट्राच्या आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेतेपद पटकावले. अशा यशानंतर घरातील मुलामुलींना धनुष्य हाती धरावेसे वाटले, तर ते स्वाभाविकच आहे. मात्र स्पर्धेतील ते धनुष्य धातूचे, कप्प्यांचे आणि यंत्राच्या अचूकतेने बनलेले असते. त्याच्या जोडीने जगात आणखी एक शांत परंपरा जिवंत आहे. ती म्हणजे लाकडातून हाताने घडविलेल्या लांब धनुष्याची, इंग्लंडमधील ‘लाँगबो’ची. त्यात कप्पी नाही, नेम धरण्याची काच नाही, बाण टेकवायला खाचदेखील नाही. लाकूड, दोरी आणि माणूस, एवढाच हा संसार.

अशी वस्तू विकत घेताना दुकानातील अनुभव थोडा फसवा ठरतो. धान्य, कापड किंवा भांडी घेताना ‘जितके भक्कम तितके उत्तम’ हा हिशेब बहुधा खरा ठरतो. धनुष्याच्या बाबतीत तोच हिशेब तोट्याचा होतो. येथे मोठे बळ विकत घेणारा पुष्कळदा खांदा दुखावून घेतो आणि काही महिन्यांत ते धनुष्य भिंतीवर शोभेसाठी टांगतो.

लाकडाचा एके काळचा व्यापार

लाँगबोसाठी सर्वांत नावाजलेले लाकूड ‘यू’ या सदाहरित वृक्षाचे. त्याची थोरवी एकाच खोडात दोन गुण नांदण्यात आहे. सालीलगतचे फिकट लाकूड ताण सोसते, तर आतील तांबूस गाभा दाब सोसतो. कारागीर काठी अशी तासतो की फिकट थर लक्ष्याकडील बाजूस राहतो आणि गाभा धनुर्धराकडे येतो. निसर्गाने जोडून दिलेले हे दोन थर मिळून धनुष्याला वाकण्याचे आणि पुन्हा उसळण्याचे सामर्थ्य देतात.

इंग्लंडला असे निर्दोष लाकूड स्वतःच्या भूमीत पुरेसे मिळत नव्हते. म्हणून १४७२ मध्ये कायदा झाला, की इंग्लिश बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाने मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. पुढे तिसऱ्या रिचर्डच्या काळात हे प्रमाण दहा काठ्यांवर गेले. मागणी वाढली तसा भावही चढला. शंभर काठ्यांचा दर दोन स्टर्लिंगवरून आठांवर गेला आणि १५१० मध्ये व्हेनिसचे व्यापारी त्याच शंभरासाठी सोळा स्टर्लिंग मागू लागले. मध्य युरोपातील यूची जंगले या व्यापारापायी विरळ होत गेली. सावकाश वाढणारे झाड आणि घाईने वाढणारी मागणी यांची गाठ पडली, की माल कधी ना कधी संपतोच. व्यापाऱ्याला हा धडा निराळा सांगावा लागत नाही.

आपल्या हिमालयात यूचाच एक भाऊबंद आढळतो. त्याला तिकडे थुनेर म्हणतात. औषधासाठी झालेल्या तोडीमुळे तोही संकटात आला आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. त्यामुळे आज धनुष्य घेताना यूचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. अ‍ॅश, एल्म, हिकरी यांची धनुष्ये उत्तम चालतात. हिकरी किंवा बांबूची पट्टी पाठीवर चिकटवून केलेली थरांची धनुष्ये तर नवशिक्यासाठी अधिक विश्वासाची असतात, कारण हवामानातील चढउतार ती तुलनेने बरे सोसतात. आपल्या देशातही राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे. तो बांबूच्या देशी धनुष्यावर खेळला जातो. ज्याला लाकडी धनुष्याचा सराव हवा आहे, त्याने या वाटेचाही विचार करावा.

ओढ किती पौंडांची?

धनुष्य पूर्ण ताणून धरताना बोटांवर जो भार येतो, तो पौंडांत मोजतात. चांगला कारागीर हा आकडा धनुष्यावरच लिहून देतो, उदाहरणार्थ ‘३० पौंड, २८ इंच’. याचा अर्थ, दोरी अठ्ठावीस इंच ओढली असता तीस पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो भार पडतो. अठ्ठावीस इंच हा केवळ मापनाचा ठरीव संकेत आहे. ज्याची ओढ त्याहून कमी, त्याला भार कमी जाणवतो. ज्याची जास्त, त्याला दर इंचामागे साधारण दोन-तीन पौंड अधिक पेलावे लागतात.

स्वतःची ओढ काढण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर सत्तर इंच भरले तर ओढ अठ्ठावीस इंच येते. धनुष्याची लांबी सर्वसाधारणपणे धनुर्धराच्या उंचीइतकी किंवा थोडी अधिक असावी. आखूड धनुष्य मर्यादेपलीकडे ताणले तर ते तुटते आणि तुटताना इजाही करू शकते.

आता मुख्य प्रश्न. ‘मेरी रोझ’ हे आठव्या हेन्रीचे युद्धनौकांतील एक नामांकित जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्यातून शंभराहून अधिक यूची धनुष्ये मिळाली. त्यांची ओढ १०० ते १८५ पौंडांच्या दरम्यान असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा वाचून अनेकांना मोह होतो. परंतु त्याच जहाजावरील काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत अभ्यासकांना बालपणापासूनच्या जड सरावाच्या खुणा दिसल्या. म्हणजे ते सामर्थ्य दुकानातून आले नव्हते. ते वर्षानुवर्षे शरीरात मुरले होते.

इंग्लंडचे धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये बालराजा एडवर्डसमोर केलेल्या प्रवचनात आपल्या शेतकरी वडिलांची आठवण सांगितली आहे. वडिलांनी त्यांना नुसत्या हाताने न ओढता सारे शरीर धनुष्यात घालून ओढायला शिकवले होते. वय आणि बळ पाहून धनुष्य घेऊन दिले आणि मूल वाढले तसे धनुष्यही वाढवले. कित्येक शतकांपूर्वीचा हा बाप आजच्या पालकाला अगदी योग्य सल्ला देतो.

प्रौढ नवशिक्यास २५ ते ३५ पौंडांची ओढ पुरेशी असते. किशोरांसाठी ती याहूनही कमी असावी आणि शिक्षकाच्या सल्ल्याने ठरावी. कसोटी सोपी आहे. पूर्ण ओढून काही क्षण थांबले असता हात थरथरू नये, मान आखडू नये. तीस-चाळीस बाण सोडल्यानंतर शेवटचा बाणही पहिल्याइतक्याच स्वस्थपणे सुटला, तर धनुष्य आपले आहे. तसे होत नसेल, तर ते कितीही देखणे असो, तूर्त परके समजावे.

हाती घेऊन काय पाहावे

लाकडी धनुष्याची खरी परीक्षा त्याच्या वाकण्यात असते. कारागीर दोन्ही भुजा थोड्या थोड्या तासून, वारंवार ओढून पाहत, त्यांचे वळण समतोल करतो. या कामाला टिलरिंग म्हणतात आणि कारागिराचे कसब येथेच कळते. म्हणून दोरी चढवलेले धनुष्य कुणाला तरी सावकाश ओढायला सांगून बाजूने निरखावे. वळण सलग, चंद्रकोरीसारखे असावे. एखाद्या ठिकाणी काठी बिजागरीसारखी मोडल्याप्रमाणे वाकत असेल किंवा एखादा भाग ताठच राहत असेल, तर ते धनुष्य नाकारावे. खालची भुजा किंचित ताठ असणे मात्र दोष नव्हे. बाण मुठीच्या वरून जातो, त्यामुळे तशी योजना करावी लागते.

मग पाठ पाहावी. पाठीवरील लाकडाचे रेषे टोकापासून टोकापर्यंत अखंड धावत असावेत. मध्येच कडेला निघून गेलेला रेषा ही भविष्यातील चीर असते. पोटाकडील बाजूस आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसल्या, तर लाकूड दाबाखाली चिरडले आहे असे समजावे. गाठ असेल तर तिच्याभोवती कारागिराने थोडे लाकूड राखून ठेवलेले असावे. दोरी उतरवल्यावर धनुष्यात एखाददुसऱ्या इंचाचा बाक राहणे सामान्य आहे. फार मोठा बाक म्हणजे थकलेले लाकूड.

कारागिराला तीन प्रश्न विचारावेत: लाकूड किती काळ वाळवले, हे धनुष्य जास्तीत जास्त किती इंच ओढावे आणि दोरी कशाची लावावी. उत्तरे स्पष्ट मिळाली तर व्यवहार निर्धास्त होतो. चोख मालाचा विक्रेता दोषही सांगतो, ही ओळख सर्वच बाजारांत एकसारखी आहे.

शाकाहारी घराचा एक प्रश्न

परंपरागत लाँगबोच्या टोकांना शिंगाच्या टोप्या, मुठीला चामडे आणि बाणांना पिसे असतात. आशियातील अनेक जुन्या धनुष्यांत तर शिंग आणि स्नायूंचे थरच असत. ज्यांना हे साहित्य नको आहे, त्यांच्यासाठी लाकडी लाँगबो हीच सर्वांत सोयीची निवड आहे, कारण तिचा गाभा निव्वळ वनस्पतीचा असतो. टोकांना कठीण लाकडाच्या टोप्या आणि मुठीला सुती दोरा किंवा कॉर्क लावून द्यायला कारागिराला अडचण नसते. सरसाऐवजी आधुनिक कृत्रिम गोंद वापरला आहे का, तेही विचारून घ्यावे. पिसांचा प्रश्न किंचित कठीण आहे. या धनुष्यात बाण थेट हाताला घासून जातो. मऊ पीस दबते, पण कडक प्लॅस्टिकची पट्टी बाणाला धक्का देते. अशा वेळी मऊ फोमच्या पट्ट्या लावलेले बाण वापरून पाहावेत. या साऱ्याची मागणी धनुष्य घडण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

घरी आणल्यावर

बाण न लावता दोरी ओढून सोडणे हा लाकडी धनुष्याचा सर्वांत मोठा शत्रू. बाणात जाणारी सारी शक्ती तेव्हा काठीतच फुटते. पाहुण्यांच्या हाती धनुष्य देताना ही सूचना आधी द्यावी. खेळ संपताच दोरी उतरवावी. धनुष्य कोपऱ्यात तिरके न टेकवता आडवे ठेवावे, उन्हात तापलेल्या मोटारीत कधीही सोडू नये आणि पावसाळ्यात ओल लागू देऊ नये. दोरी लाकडी धनुष्यास मानवणारी, थोडी ताणली जाणारीच असावी. न ताणली जाणारी आधुनिक दोरी जुन्या घडणीच्या टोकांना घातक ठरते. सराव नेहमी जाणकाराच्या देखरेखीखाली, मोकळ्या आणि सुरक्षित जागीच करावा.

लंडनमध्ये १७८१ साली केवळ लक्ष्यवेधासाठी धनुर्धरांची संस्था स्थापन झाली, तेव्हा धनुष्याची युद्धातील कारकीर्द केव्हाच संपली होती. उरली होती ती एकाग्रता. गवताच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्याचा कोणी शत्रू नसतो. त्याचा मुकाबला स्वतःच्या श्वासाशी आणि उतावळेपणाशी असतो. तो उतावळेपणा खरेदीच्या वेळीच आवरला, हलके पण समतोल धनुष्य निवडले, तर पुढचे बळ सराव आपोआप देतो. वर्षभराने जड धनुष्य घेण्याची वेळ आली, तर ते पहिले धनुष्य धाकट्या भावंडाच्या हाती जावे. नीट निगा राखलेले लाकूड तेव्हाही तितक्याच आनंदाने वाकेल.