समुद्रातली भिंत मोजताना

रुआबांध्यात पाणी म्हटले की मरोदा तलाव डोळ्यांसमोर येतो. त्याच्या काठावर निवांत उभे राहून मोजमाप घेता येते. म्हणूनच नकाशाच्या तासाला मी विजयदुर्गचे उदाहरण काढले की कॅडेट विचारतात, "सर, दगड मोजण्यात धोका कसला?"

विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंतीसारखी दगडी रचना आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. शत्रूच्या गलबताचा तळ फोडू शकणारा दगड मोजणीच्या होडीलाही सोडत नाही.

पाणी उथळ झाले की लाटेचा वेग घटतो आणि उंची वाढते. ही उंची खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट फुटते. म्हणजे खडकावर दोन मीटर पाणी असेल, तर दीड मीटरची लाटही तिथे फुटते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो असते. शेवाळलेल्या कातळावर एवढा भार अंगावर आला तर पाय टिकत नाहीत. त्यातच तटावर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी अचानक उसळते.

शांत वाटणारा समुद्र अधिक फसवा. मोठ्या लाटा गटागटाने येतात. मधल्या वेळात माणूस गाफील होतो. दूर दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा इथे वारा नसतानाही पोहोचतात. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था त्यांचे इशारे देते. ते वाचल्याशिवाय निघू नये.

यंत्रही चकते. इको साउंडर ध्वनीच्या परतीच्या वेळेवरून खोली काढतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. फेसातल्या बुडबुड्यांमुळे प्रतिध्वनी बिघडतो. होडी लाटेवर एक मीटर चढली, तर खोलीही एक मीटर जास्त दिसते.

म्हणून जून ते सप्टेंबर हे काम टाळावे. उघड्या खडकावर पाणी ओसरत असताना उतरावे आणि भरती लागण्याआधी परतावे. बुडालेल्या दगडावरून होडी न्यायची असेल तर भरतीच बरी. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. कोणी वाहून गेला तर मागोमाग उडी न घेता दोर फेकावा.

एका माणसाकडे मात्र एकच काम असावे: समुद्राकडे पाहत राहणे. बाकीच्यांची नजर यंत्रावर आणि वहीवर असते. त्याने "मागे फिरा" म्हटले की हुद्दा न पाहता सर्वांनी फिरायचे. राहिलेले आकडे दुसऱ्या दिवशी घेता येतात.