पाळी कशी चालते? माकडिणीने शिकवलेली गोष्ट



“ऑपरेशन केलं की बाईची पाळी बंद पडते.” “नसबंदीनं गड्याची ताकद जाते.” “एखाद्या दिवशी गोळी राहिली तर काय होतंय?” अशी बोलणी आपण गावोगाव ऐकतो. या गैरसमजापायी कितीतरी जोडप्यांत नको असताना दिवस राहतात, आणि ते कधी कधी बाईच्या जिवावर बेतते. पाळी मुळात कशी चालते हे समजले, तर ही भीती राहणार नाही.

माकडीणच का?

गाय-म्हैस माजावर येते, पण तिला महिन्याची पाळी येत नाही. उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडिणीला मात्र बाईसारखीच पाळी येते, तीही साधारण २८ दिवसांनी. शास्त्रज्ञ या जातीला ऱ्हीसस म्हणतात. म्हणून पाळीचा पुष्कळसा अभ्यास याच माकडिणींवर झाला. १९७८ साली निर्यात बंद होईपर्यंत आपल्या देशातून अशी हजारो माकडे परदेशी प्रयोगशाळांत जात असत.

मेंदूचा निरोप

मेंदूच्या तळाशी मटारच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात. तिच्या वरचा मेंदूचा भाग तिला निरोप धाडतो. हा निरोप म्हणजे रक्तातून जाणारा एक रस. अशा रसांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथे डॉ. अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात माकडिणींच्या मेंदूतला हा भाग बंद पाडला. चक्र थांबले. मग तोच रस त्यांनी दर तासाला एकदा, थोडा थोडा, नसेतून दिला. पीयूषिका पुन्हा कामाला लागली. बीज पिकले, चक्र सुरू झाले. पण तोच रस अखंड देत राहिले, तेव्हा पीयूषिका गप्प बसली! दारावर थाप पडली तर आपण दार उघडतो. कोणी सारखेच बडवत राहिले तर कान बंद करून घेतो. तसेच हे.

घड्याळ बीजकोशात

आणखी एक नवल पाहा. दर तासाचा निरोप महिनाभर एकसारखाच होता, तरी पाळी साधारण २८ दिवसांनीच आली. म्हणजे दिवस मोजणारे घड्याळ बीजकोशात आहे!

बीज पिकू लागले की बीजकोशातून इस्ट्रोजेन रक्तात येते. ते वाढून दीड-दोन दिवस चढेच राहिले, की पीयूषिकेतून संप्रेरकाचा लोंढा सुटतो आणि बीज बाहेर पडते. बीज सुटल्या जागी एक पिवळी गाठ बनते. ती प्रोजेस्टेरॉन तयार करते. त्याने गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार होते, आणि मेंदूला निरोप जातो, “सध्या नवे बीज नको.” गर्भ राहिला नाही तर सुमारे १४ दिवसांत गाठ सुकते, अस्तर गळते आणि पाळी येते. बाईच्या शरीरातही असेच घडते. मग यात विटाळ कसला?

यातून आपण काय घ्यायचे?

• गोळी : माला-एन गोळीत याच दोन प्रकारची संप्रेरके असतात. ती रोज मेंदूला सांगतात, “बीज नको.” गोळ्या चुकल्या की निरोप तुटतो आणि बीजकोश जागा होतो. म्हणून गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. एक चुकली तर आठवताच घ्यावी. दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवताच एक घेऊन पुढच्या चालू ठेवाव्यात, सात दिवस निरोध वापरावा आणि नर्सबाईंना विचारावे. रक्तदाब, अर्धशिशी, तंबाखू-विडीची सवय किंवा अंगावर पिणारे तान्हे मूल असेल, तर आधी तपासणी करावी.

• बाईचे ऑपरेशन : यात फक्त गर्भनलिका बंद करतात. बीजकोश तसाच राहतो आणि संप्रेरके नळीतून नाही, रक्तातून जातात. म्हणून पाळी पूर्वीसारखीच येत राहते.

• पुरुषाची नसबंदी : पुरुषाचे संप्रेरकही रक्तातूनच जाते. बंद होते ती फक्त शुक्रजंतूंची वाट. ताकद आणि इच्छा कमी होत नाही.

• दिवस मोजणे : बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटते. पण पुढची पाळी नेमकी कधी येणार, हे आधी कुणाला सांगता येते? म्हणून नुसत्या बोटांवरच्या हिशोबावर विसंबू नका.

• अंगावर पाजणे : बाळ चोखते तेव्हा मेंदूचा निरोप मंदावतो, म्हणून पाळी लांबते. पण बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकते. पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

कोणते साधन वापरायचे हे नवरा-बायको दोघांनी मिळून, आपल्या खुशीने ठरवायचे असते. शंका मनात ठेवू नका. आशाताईंना, उपकेंद्रातल्या नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. आणि विचारायला जाताना दोघेही जा!